तेंगे की टेंगे?

प्रश्न असा आहे: कझाकस्तानच्या चलनाचं नाव मराठीत कधी 'टेंगे' तर कधी 'तेंगे' असं दिसतं. बरोबर कोणतं? आणि आपल्या 'टाकसाळ'मधल्या 'टंक'शी (म्हणजे नाण्याशी) त्याचं नातं आहे का?

तेंगेच लिहावं. ट आला तो इंग्रजी स्पेलिंगमुळे. तिथे टी दिसला की आपला हात ट-कडेच वळतो. कझाक उच्चारात जीभ दातांना लागते, म्हणजे तो आपला त. त्यापुढचं अनुनासिक ङ आहे. त्यासाठी कझाक सिरिलिक लिपीत न-ला शेपूट जोडून वेगळं अक्षर केलं आहे. आपल्याला तसं काही करावं लागत नाही. ग-आधी अनुस्वार दिला की ङ आपोआप उमटतो. 'सांगे' म्हणतो तसं 'तेंगे' म्हणून पाहा.

या शेपटीला हलकं समजू नये. २००६ साली २००० आणि ५००० तेंगेच्या नव्या नोटांवर 'बँक' या शब्दात साध्या क-च्या जागी शेपटीचा क छापला गेला. शेपटीचा क घशात खोलवरून निघतो, कझाकमध्ये ते स्वतंत्र अक्षरच आहे. देशाच्या मध्यवर्ती बँकेचं नाव तिच्याच नोटेवर चुकलं, म्हणून तिथे मोठा वाद झाला. भाषेवर जीव असणाऱ्या कुणालाही तो वाद समजेल.

आता नात्याचं. तेंगे हे चलन १५ नोव्हेंबर १९९३ रोजी रुबलच्या जागी आलं, पण शब्द शेकडो वर्षं जुना. पैशासाठीचा रशियन शब्द 'देन्गी' याच तुर्की शब्दघराण्यातून गेलेला. इकडे दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याचा चांदीचा टंका, बांगलादेशचा टाका, पोर्तुगीज गोव्यातला तांगा (एका रुपियाचे सोळा). यांचं मूळ संस्कृत 'टंक' की समान, समतोल या अर्थाचा तुर्की 'तेङ', यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझा कौल असा की नाणी व्यापाऱ्यांच्या हातून इकडून तिकडे फिरली आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. मात्र नातं दाखवायच्या हौसेने तेंगेचा टेंगे करू नये.

अनेकवचनासाठी वेगळं रूप नको. कझाकमध्येही संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं. 'पाच डॉलरची नोट' म्हणतो, तशीच 'पाचशे तेंगेची नोट'.