सोरोरिटीचा उत्साह दुसऱ्या वर्षी का ओसरतो

गेल्या ऑगस्टमध्ये सोरोरिटीची, म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेची, बिड (सभासदत्वाचं आमंत्रण) मिळाली तेव्हा तुमची लेक फोनवर तासन्‌तास चिवचिवत होती, आणि आता दुसऱ्या वर्षाला रविवारच्या चॅप्टर (कॉलेजातल्या शाखेच्या) मीटिंगचं नाव काढलं तरी वैतागते. तिला सोडू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकताना सोरोरिटीत होते, पुढे काही वर्षं चॅप्टरची ॲडव्हायझर होते. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुली याच चेहऱ्याने माझ्याकडे यायच्या, त्यामुळे घाबरू नका.

पहिल्या वर्षी सगळं तिच्यासाठी चाललेलं असतं. रिक्रूटमेंटच्या, म्हणजे सभासद निवडीच्या, फेऱ्यांमध्ये सोरोरिटींच्या घराघरांतून तिचं स्वागत होतं, शेवटच्या प्रेफरन्स राउंडला मंद दिवे, सीनियर मुलींची भाषणं आणि रडारड, मग बिड डे, आणि काही आठवड्यांनी बिग-लिटल: आठवडाभर निनावी भेटवस्तू येत राहतात आणि शेवटी आपली 'बिग' कोण ते कळतं. नव्या गावात एकट्या पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलीवर याचा परिणाम न झाला तरच नवल. 2021 मध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीतल्या मुलींचे 'रशटॉक' (रिक्रूटमेंटच्या दिवसांतले) व्हिडिओ टिकटॉकवर जगभर पाहिले गेले. त्यांत दिसतो तो उत्साह खोटा नसतो, पण तो या पहिल्या काही आठवड्यांचा असतो.

खरी कलाटणी मिळते दुसऱ्या ऑगस्टला, कारण आता ती दाराच्या आतल्या बाजूला असते. कॉलेज सुरू होण्याच्या कितीतरी आधी 'वर्क वीक'साठी परत यायचं, दारात म्हणायची गाणी घसा बसेपर्यंत घोटायची, कोणी कुठल्या मुलीला आत घ्यायचं, किती मिनिटांनी दुसरीने येऊन संभाषण हातात घ्यायचं याच्या तालमी करायच्या. रात्री प्रत्येक मुलीबद्दलची टिपणं आणि गुण. तेव्हा तिच्या लक्षात येतं की गेल्या वर्षी 'आमचं बघताक्षणी जमलं' असं जे वाटलं होतं, त्यातही योजना होती. तिच्याच राज्यातली, तिच्याच विषयाची मुलगी मुद्दाम समोर आणून बसवली होती. लग्नाला पाहुणी म्हणून जाणं आणि यजमानांकडून पंगती वाढायला उभं राहणं, एवढा हा फरक आहे.

इथे मुलींचे दोन तट पडतात. काहींना ही आतली यंत्रणा बघून चेव येतो. त्याच पुढे रिक्रूटमेंट चेअर, खजिनदार, अध्यक्ष होतात. उरलेल्यांचा रस उडतो. माझ्या मते हा दुसरा गट नीट विचार करणारा असतो, आणि त्यांना 'निष्ठा कमी पडते' असं सुनावणाऱ्या पदाधिकारी मुलींचा मला नेहमी राग यायचा.

त्यात भर पडते हिशेबाची. सेमिस्टरला काही हजार डॉलर सहज जातात, शिवाय टी-शर्ट, फॉर्मलचे (समारंभी पार्टीचे) ड्रेस वेगळे. अनेक चॅप्टर्समध्ये हजेरीचे पॉइंट्स असतात, मीटिंग चुकली तर दंड. पहिल्या वर्षी हे खटकत नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पेपर आणि फिलान्थ्रॉपीच्या (समाजकार्यासाठी निधी गोळा करण्याच्या) कार्यक्रमाचा स्टॉल एकाच आठवड्यात आला की खटकतं.

तिसऱ्या वर्षी बऱ्याच जणी सोरोरिटीच्या घरातून बाहेर पडून मैत्रिणींबरोबर अपार्टमेंट घेतात, इंटर्नशिप किंवा परदेशातलं सेमिस्टर येतं, आणि शेदोनशे 'सिस्टर्स'पैकी खऱ्या पाच-सहा उरतात. जोर त्या पाच-सहांवर एकवटतो. शेवटच्या वर्षी गंमत होते: मीटिंगांना दांड्या मारणाऱ्या याच मुली शेवटच्या फॉर्मलला ढसाढसा रडतात.

हे सगळं मी लिहिलं ते नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या शिखर संस्थेतल्या संघटनांबद्दल, म्हणजे मोठ्या घरांवर ग्रीक अक्षरं दिसतात त्या. सगळीकडे आलेख असाच उतरत नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरोरिटींमध्ये तर पदवीनंतरच काम वाढतं. अल्फा कॅपा अल्फा 1908 मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीत सुरू झाली. डेल्टा सिग्मा थीटाची स्थापना तिथेच जानेवारी 1913 मधली, आणि 3 मार्चला त्या मुली वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात चालत होत्या. त्यांच्या ग्रॅज्युएट चॅप्टर्समध्ये नोकरदार, संसारी बायका शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी असली कामं वर्षानुवर्षं करतात. कित्येक जणी सभासदच होतात त्या डिग्रीनंतर. कमला हॅरिस हॉवर्डला असताना अल्फा कॅपा अल्फात गेल्या आणि जुलै 2024 मध्ये त्याच संघटनेच्या डॅलसच्या अधिवेशनात भाषण करत होत्या. काम कॅम्पसबाहेरचं असेल, तर कॉलेज संपल्याने ते संपत नाही.

आपल्या मुलींसाठी तिसरा प्रकारही आहे. 1998 मध्ये ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला कॅपा फाय गामा या दक्षिण आशियाई सोरोरिटी सुरू झाल्या. न्यू जर्सी आणि टेक्सासमधल्या मराठी घरांतल्या काही मुली मला तिथे भेटल्या. तिथे चॅप्टर लहान, बहुतेक वेळा स्वतःचं घर नाही, त्यामुळे मोठ्या घरांतलं 'मी नसले तरी कुणाला कळणार' हे दुःख नाही. उलट दहा-पंधरा जणींनी गरब्यापासून निधी गोळा करण्यापर्यंत सगळं ओढायचं असतं, त्यामुळे प्रेम टिकतं पण मुली दमून जातात.

आता तुमच्या लेकीचं. तिला 'सोडायचंय का' असं विचारू नका, कारण ती चिडून 'हो' म्हणेल. नक्की कशाचा कंटाळा आलाय, ते काढून घ्या. कामाचा असेल तर पद सोडता येतं, कमिटी बदलता येते. पैशाचा असेल तर खजिनदाराशी हप्त्यांबद्दल बोलता येतं. माणसांचा कंटाळा असेल, जेवायला बसायलासुद्धा तिथे कोणी आपलं वाटत नसेल, तर मात्र ओढून नेण्यात अर्थ नाही. आणि कोणी दारूसाठी किंवा अपमान सहन करायला भाग पाडत असेल, तर एक दिवसही थांबू नका; डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसला कळवा.

एक नियम मात्र तिने समजून घ्यावा. इनिशिएशन (पक्क्या सभासदत्वाचा विधी) झाल्यावर राजीनामा दिला, तर नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत तिला पुढे कधीच जाता येत नाही. म्हणून रागाच्या भरात ईमेल पाठवायच्या आधी चॅप्टरच्या ॲडव्हायझरशी बोलावं. आजारपण, पैशाची अडचण, जड अभ्यासक्रम यांसाठी सवलतीची व्यवस्था बऱ्याच संघटनांत असते, पण मुली मागतच नाहीत.

आणि सोरोरिटीच्या घरात राहण्याचा करार तपासा. तो आदल्या वर्षीच सही करून घेतलेला असतो, आणि सभासदत्व सोडलं तरी भाड्याची जबाबदारी बहुधा सुटत नाही. तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी त्यावर हमीदार म्हणून सही केली असेल, तर बिल तुमच्याच पत्त्यावर येईल.