जागतिक इतिहासाच्या पहिल्या वर्षासाठी एक पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम नमस्कार.

जागतिक इतिहासाचा पेपर घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. पाठ्यपुस्तकाची जाडी पाहून धास्ती वाटणं साहजिक आहे. त्या धास्तीपायीच बहुतेक जण इजिप्त, चीन, रोम, अरब, युरोप असे कप्पे करतात आणि एकेक कप्पा पाठ करत सुटतात. परीक्षा जवळ आली की सगळे कप्पे एकमेकांत सांडतात. या विषयाचा गाभा वेगळा आहे: एका ठिकाणी घडलेल्या गोष्टीचा धागा दुसरीकडे कुठे जातो, हे शोधायचं. अभ्यासाची पद्धतही त्यालाच धरून ठरव.

चांदीचं उदाहरण घे. आजच्या बोलिव्हियात पोटोसी इथे १५४५ मध्ये चांदीचा प्रचंड साठा सापडला. १५७० च्या दशकात तिथे पारा वापरून चांदी वेगळी करण्याची पद्धत रुजली. पारा पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतून यायचा आणि मजूर यायचे ‘मिता’ या वेठीच्या पद्धतीतून. अँडीजमधल्या गावांनी पाळीपाळीने माणसं पाठवायची, अशी सक्ती होती. त्याच सुमारास चीनच्या मिंग राजवटीत वेगवेगळे कर आणि वेठ एकत्र करून ते चांदीत वसूल करण्याची पद्धत पसरत होती. चीनमध्ये एक भाग सोन्याला साधारण सहा भाग चांदी पडायची, तर युरोपात बारा. म्हणजे चांदी चीनला पोचली की तिचं मोल जवळपास दुप्पट. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला ताब्यात घेतलं आणि मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातून पॅसिफिक ओलांडून चांदी थेट आशियाकडे निघाली. परतीच्या जहाजांत रेशीम आणि चिनी मातीची भांडी. हे सगळं फक्त ‘स्पेनचं साम्राज्य’ या प्रकरणात वाचलंस तर चिनी शेतकऱ्यावरचा कर दिसत नाही, आणि फक्त ‘मिंग चीन’मध्ये वाचलंस तर खाणीतला मजूर दिसत नाही.

हे धागे दिसावेत म्हणून पहिल्याच आठवड्यात एक तक्ता कर. मोठ्या कागदावर सहा उभे रकाने: पूर्व आशिया, दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका. आडव्या ओळी शतकांच्या. दर आठवड्याला त्यात चार-पाच नोंदीच घालायच्या, जास्त नाही. वर्षअखेर पन्नास-साठ पक्क्या तारखा हाताशी असल्या की पुरे. बाकीच्या घटना त्यांच्या आगेमागे बसवता येतात. रकाना रिकामा राहिला, तर तिथे त्या शतकात काय चाललं होतं हे मुद्दाम शोध. आफ्रिकेचा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो, कारण तिथे काही घडत नव्हतं असं गृहीत धरलेलं असतं. १३२४ मध्ये मालीचा राजा मन्सा मूसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडल्याचं अल-उमरी या लेखकाने नंतर नोंदवून ठेवलं. तो रकाना रिकामा ठेवण्यासारखा नाही.

कालगणनेत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. इसवी सनात शून्य वर्ष नाही, त्यामुळे इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे अंतर ९९ वर्षांचं. आणि रशियात १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, म्हणून तिथली ऑक्टोबर क्रांती आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला येते.

नकाशा हाताने काढ, ओबडधोबड चालेल. ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणाऱ्या छापील मर्केटर नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

प्रकरण वाचताना पहिल्या ओळीपासून अधोरेखित करत जाऊ नकोस. आधी प्रस्तावनेचे आणि शेवटचे परिच्छेद, मग उपशीर्षकं. लेखकाचा दावा काय, हे स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिही आणि मगच सलग वाच. टिपणं एका प्रकरणाला एक पान. पानाच्या तळाशी दोन प्रश्न कायमचे: हे आपल्याला कशावरून माहीत आहे? आणि याचा धागा आणखी कुठे जातो?

यातला पहिला प्रश्न मूळ साधनांकडे नेतो. ट्यूटोरियलमध्ये एखादा उतारा हातात पडला की विद्यार्थी त्यातली माहिती उतरवून घेतात आणि थांबतात. मेक्सिको जिंकायला निघालेला स्पॅनिश सरदार कोर्तेस, त्याचं स्पेनच्या राजाला लिहिलेलं ३० ऑक्टोबर १५२० चं पत्र घे. त्यात तिथला अॅझ्टेक राजा मोक्तेझुमा जणू राजीखुशीने सत्ता सोपवतो. आता तारीख बघ. त्याआधी चारच महिने कोर्तेसला मार खाऊन अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान सोडावी लागली होती. शिवाय क्यूबाच्या गव्हर्नरला धुडकावून तो मोहिमेवर निघाला होता, त्यामुळे राजाची मर्जी त्याला हवीच होती. सत्ता एकदा कायदेशीर मिळालेली होती असं दाखवलं, की पुढचं युद्ध आक्रमण न ठरता बंडाचा बंदोबस्त ठरतं. त्यात मोक्तेझुमाची भाषा नाहुआत्ल. मोहिमेच्या सुरुवातीला मलिंत्सिन ही दुभाषी नाहुआत्लचं माया भाषेत करायची आणि आगिलार हा स्पॅनिश दुभाषी मायाचं स्पॅनिशमध्ये. असा प्रवास करून आलेलं भाषण शब्दशः कसं मानायचं?

म्हणून पत्र टाकून द्यायचं का? मुळीच नाही. मोक्तेझुमा काय म्हणाला याचा तो कच्चा पुरावा आहे, पण कोर्तेसला राजापुढे काय मांडायचं होतं याचा उत्तम पुरावा आहे. दुसरी बाजू फ्लोरेन्टाइन कोडेक्स या हस्तलिखित ग्रंथाच्या बाराव्या भागात सापडते. सहागून या पाद्र्याने नाहुआत्ल बोलणाऱ्या स्थानिक विद्वानांच्या मदतीने ते काम उभं केलं. तिथेही तोच कस लाव: सांगणारे बरेचसे त्लातेलोल्कोचे होते, शेजारच्या तेनोच्तित्लानशी त्यांची जुनी चुरस होती, आणि लेखन घटनेनंतर काही दशकांनी झालं. कोणी, कोणासाठी, कधी, कशासाठी लिहिलं, ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय उताऱ्यातलं एकही वाक्य निबंधात घेऊ नकोस.

निबंध बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात. ‘मानवी इतिहासाच्या आरंभापासून’ अशी सुरुवात खोडून टाक आणि पहिल्या परिच्छेदातच उत्तर दे. दुसरा दोष म्हणजे राजकीय, आर्थिक, सामाजिक कारणांची यादी. फ्रेंच राज्यक्रांतीची सहा कारणं ओळीने लिहिलीस तर वजन कोणाला, ते कळत नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वाढलेलं कर्ज आणि उमराव-धर्मगुरूंना असलेल्या करातल्या सवलती ही जुनी दुखणी. १७८८ चं बुडालेलं पीक आणि मे १७८९ मध्ये भरलेली इस्टेट्स जनरल ही तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, हे तात्कालिक धक्के. जुनं दुखणं नेमकं तेव्हाच का चिघळलं, हे समजावणं म्हणजे उत्तर. तुलना विचारली असेल तर अर्धा निबंध फ्रान्सवर आणि अर्धा हैती या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीवर असं करू नकोस. गुलामगिरी, जमीन, सैन्य असा एकेक मुद्दा घेऊन दोन्हीकडे काय झालं ते त्याच परिच्छेदात मांड. हैतीत १७९१ मध्ये गुलामांनीच उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र घोषित झालं. मानवी हक्कांच्या फ्रेंच जाहीरनाम्याला खरी कसोटी तिथे लागली, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षेत तीन तासांत चार प्रश्न असतील तर प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं, त्यातली पहिली पाच कच्च्या आराखड्याला. चौथं उत्तर अर्धवट राहिल्याने जितके गुण जातात, तितके पहिलं लांबवून मिळत नाहीत.

या आठवड्यात तक्ता आखून घे आणि तुला आवडलेल्या कुठल्याही एका साधनावर ती चार उत्तरं एका पानात लिहून पाठव. मी वाचून, खुणा करून परत पाठवीन.

कळावे.