सादर: पाणी पिऊन परतलेला उंट

प्रश्न असा आहे: "आमच्या वाचनालयातर्फे पोएट्री स्लॅम भरवतो आहोत. तीन मिनिटं, कविता स्वतःची, गुण देणारे श्रोत्यांतलेच. पत्रिकेत 'काव्यसादरीकरण स्पर्धा' छापणार होतो. पण समितीतले एक सर म्हणाले, सादर म्हणजे स अधिक आदर, आदरासहित. स्लॅममध्ये कसला आलाय आदर, पोरं ओरडतात. 'काव्यवाचन' म्हणावं तर पोरं नाराज, कारण त्यांच्या हातात कागद नसतो. मग छापायचं काय?"

सरांना माझा सादर नमस्कार सांगा. आणि या नमस्कारातला 'सादर' वेगळा, कविता सादर करतात तो वेगळा, हेही सांगा.

स्लॅम म्हणजे दार आपटणं, ब्रिजमध्ये सगळे हात जिंकले की ग्रँड स्लॅम, टेनिसमधल्या चार मोठ्या स्पर्धा, हे सगळं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यात वेळ घालवत नाही. मला चीड आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. गेल्या महिन्यात पुण्यात एका कॅफेच्या माडीवर असाच कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. निवेदन करणारी मुलगी हुशार, आवाज छान, आणि दर कवीआधी एकच वाक्य: "यानंतर आपलं सादरीकरण सादर करण्यासाठी मी आमंत्रित करते..." सात वेळा मोजलं, मग चहा सांगितला. सादरीकरणाच्या पोटात 'करण' आहेच, वर पुन्हा सादर, पुन्हा करणं. एका कवितेला किती वेळा करायचं! "कविता सादर करतील" एवढं म्हटलं की काम झालं, आणि "ऐकवतील" म्हटलं तर सोन्याहून पिवळं.

सादरीकरण हा शब्द अशुद्ध आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मोठा मौजेचा असतो. संस्कृतात '-ईकरण' लागतं ते जे नव्हतं ते करण्यासाठी. म्हणजे शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं, शुद्धीकरण. म्हणून सादरीकरण म्हणजे आधी आदर नव्हता, मग आणला. हे ऐकून सभागृहात हशा पिकतो आणि वक्ते खूश होतात. पण रस्त्याचं डांबरीकरण, खडीकरण आपण मुकाट चालवून घेतोच ना? तिथे कोणी व्याकरण काढत नाही, खड्डे बुजले की पुरे. तेव्हा शब्द चालू आहे, चालू राहील. फक्त त्याच्यापुढे पुन्हा 'सादर' आणि 'करणे' जोडू नका.

आता सरांचं 'स + आदर'. सूत्रसंचालनाच्या वर्गांमध्ये हे हमखास शिकवतात, आणि मोठ्या मोठ्या माणसांनी भाषणांत सांगितलेलं ऐकलं आहे. सोपी परीक्षा घ्या. सविनय, सस्नेह, सहर्ष, सादर ही संस्कृतातली सख्खी भावंडं. सादर प्रणाम, सस्नेह नमस्कार, इथपर्यंत ती शेजारी शेजारी बसतात. आता म्हणून बघा: "मी कविता सस्नेह करते." "नाटक सविनय झालं." वाक्य लंगडतं. आणि "मी कविता सादर करते", "नाटक सादर झालं" ही वाक्यं मात्र दोन पायांवर ठणठणीत उभी. तलाठ्याकडे "अर्ज सादर झाला" तेव्हा आदर कोणी कोणाला दाखवला?

मग हा दुसरा सादर कोणाच्या पंगतीतला? हजर करणे, हजर होणे. दाखल करणे, दाखल होणे. जाहीर करणे, जाहीर होणे. सादर करणे, सादर होणे. आता कशी पंगत जुळली! ही सगळी मंडळी अरबीतून फारसीच्या हातून आपल्याकडे आली. मूळ शब्द 'सादिर': निघालेला, बाहेर पडलेला. उर्दूत आजही हुकूम 'सादिर' होतो. आपल्या जुन्या मोडी कागदांतही आज्ञापत्रं, सनदा सादर होतात, म्हणजे सरकारातून निघतात. 'इ' कुठे गेला म्हणाल, तर मालिकचा मालक झाला, वारिसचा वारस, दाखिलचा दाखल. त्याच वाटेनं सादिरचा सादर. मधला र्‍हस्व 'इ' गिळायची आपल्या जिभेला सवय आहे. कधी गिळता आला नाही तर ती लांबवते: जाहिरचं जाहीर, शाइरचा शाहीर. होय, शाहीरसुद्धा याच साच्यातला. अरबी व्याकरणात या साच्याला 'फाइल' म्हणतात, म्हणजे करणारा. कचेरीतल्या फायलीशी त्याचं नातं नाही. शाइर म्हणजे ज्याला जाणवतं तो. शाहीर सादर करतो, हे दोन्ही शब्द एकाच साच्यातून पडले आहेत, याचा मला जो आनंद होतो तो घरात कोणालाच कळत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि हे लिहायला बसलो तेही त्यासाठीच. अरबीत या धातूचा एक जुना अर्थ आहे: पाण्यावरून परतणं. वाळवंटात उंट पाणवठ्यावर येतो तो 'वारिद', आणि पिऊन परत फिरतो तो 'सादिर'. सादिर-वारिद म्हणजे जाणारे-येणारे. आता तुमच्यापैकी कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असेल तर त्यांना विचारते व्हा: खडू, डस्टर, हजेरीपुस्तक यांना जे अनुदान येतं त्याला काय म्हणतात? सादिल! कचेरीतला सादिलवार खर्च तो हाच. आल्या-गेल्यावर होणारा किरकोळ खर्च, तो सादिर-वारिद, तोंडात घोळून घोळून सादिलवार, आणि शेवटी नुसता सादिल. म्हणजे वर्गात फळ्यावर कविता लिहिणारा खडू आणि ती कविता सादर करणारं पोरगं, दोघं एकाच उंटाच्या पाठीवरून आले.

अजून एक पायरी. याच तीन व्यंजनांचा, स-द-र यांचा, अरबीत आणखी एक शब्द आहे: सद्र, म्हणजे छाती. पुढचा, वरचा, मानाचा भाग. तिथून वाड्याची सदर, शहराचा सदर बाजार, पानाच्या माथ्यावर आलेला म्हणून 'सदरहू इसम', वर्तमानपत्रातलं सदर. आणि छातीवर चढवायचा तो सदरा. सदऱ्याची दुसरीही एक व्युत्पत्ती पारशी सुद्र्‍याकडे (पारशी लोक आत घालतात तो पवित्र सदरा) बोट दाखवून सांगतात. सांगोत बापडे. मी गुंडी छातीवर लावतो, मला पुरावा तेवढा बास.

आता माझं मत ऐका. छाती आणि निघणं हे दोन अर्थ एकाच धातूत शेजारी राहतात ते उगीच नाही. जे छातीतून निघतं ते सादर. कोशकार असं जोडून देत नाहीत, जोडायला भितात, मी जोडतो. त्या कॅफेच्या माडीवर एक मुलगी आली होती, अकरावी-बारावीतली असेल. चढण्याआधी तिनं चपला कडेला काढून ठेवल्या, जसं देवळाबाहेर काढतो तसं. हातात कागद नाही, फोन नाही. रेशनच्या रांगेतल्या आजीवर कविता होती. पहिल्या ओळीआधी तिनं श्वास घेतला तो शेवटच्या बाकावर मला ऐकू आला. मध्ये एकदा विसरली, थांबली, लोकांनी धीर द्यायला चुटक्या वाजवल्या, आणि तिनं तीच ओळ पुन्हा वरच्या पट्टीत उचलली. वेळ मोजणाऱ्या मुलाच्या फोनवर तीन मिनिटं एकवीस सेकंद झाले होते. दहा सेकंदांची सवलत संपली की गुण कापतात, तसे तिचे कापले. हे 'आदरासहित' होतं का, मला माहीत नाही. छातीतून निघालेलं होतं.

राहता राहिला आक्षेप, की हुकूम वरून खाली सुटतो आणि अर्ज खालून वर जातो. मग सादर उलटा कसा फिरला? मला वाटतं, इथे 'स + आदर'नं खरंच हात मारला. सारखा दिसणारा संस्कृत शब्द शेजारी उभा होता, त्याची सावली पडली, आणि सरकारातून निघणारी गोष्ट सरकारच्या पायाशी नम्रपणे ठेवली जाऊ लागली. एवढ्यापुरता सरांना अर्धा गुण.

याच सावलीमुळे हा शब्द भाषाशुद्धीच्या चाळणीतूनही अलगद सुटला असावा. दिसायला इतका सोवळा, की कोणी जात विचारली नाही. इथे मला नेहमी माधव जूलियन आठवतात. फारसीचे प्राध्यापक, 1923 साली पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळातले कवी. काव्यगायनाची गोडी महाराष्ट्राला लावली ती याच मंडळानं. 1925 मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश काढला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी होऊन स्वतःच्याच कवितांतले फारसी शब्द वेचून काढू लागले. आधी फारसीचा कोश रचणारा आणि मग तेच फारसी शब्द आपल्याच कवितांतून कापणारा असा माणूस पुन्हा झाला नाही. त्यांच्या त्या दुसऱ्या पर्वाशी माझं भांडण आहे; पण भांडायला तरी त्यांच्या तोडीचं कोणी उरलंय कुठे?

हां, तुमचा प्रश्न. काव्यवाचन.

पोरांना सांगा की वाचनाला कागद लागतो हा गैरसमज आहे. संस्कृतात 'वच्' म्हणजे बोलणं, आणि 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो. अक्षराला बोलायला लावलं की वाचन झालं. डोळ्यांनी मुकाट वाचणं ही नंतरची सोय. पटत नसेल तर घरात लग्न-मुंज निघेल तेव्हा पुण्याहवाचन नीट ऐका. तिथे कोण काय वाचतं? यजमान म्हणतो, आपण पुण्याह म्हणा. ब्राह्मण म्हणतात, पुण्याहम्. पुन्हा तो म्हणायला सांगतो, पुन्हा ते म्हणतात. त्यांच्याकडून वदवून घेणं, हेच वाचन.

आणि स्लॅम तरी काय निराळं करतं? शिकागोत बांधकामावर काम करणारा मार्क स्मिथ नावाचा कवी होता. कवितावाचनाच्या संध्याकाळी लोक जांभया देतात हे त्याला बघवेना, म्हणून त्यानं 1986 साली ग्रीन मिल या जुन्या जाझ क्लबात हा खेळ सुरू केला. तो माइकपुढे येऊन म्हणणार, "मी मार्क स्मिथ", आणि अख्खा क्लब ओरडणार, "मग काय!" ठरलेलं. त्यानं म्हणायचं, यांनी उत्तर द्यायचं. मंत्र तेवढे वेगळे. 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला देशपातळीवरचा पहिला स्लॅम झाला, आणि पुढे तीन मिनिटं, वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही, असे नियम घट्ट झाले. आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात डफ-तुणतुणं चालायचं, वेळेचं बंधन पहाट एवढंच, कलगीवाले शक्तीला थोर म्हणणार आणि तुरेवाले शिवाला. पण समोरच्याला सवालात अडकवून गप्प करायचं आणि निकाल बैठकीनं द्यायचा, हे तेच. 'स्पोकन वर्ड'ला, म्हणजे मंचावर बोलून ऐकवायच्या कवितेला, 'उच्चारित शब्द' असं भाषांतर करणाऱ्यांनी एकदा तरी रात्रभर तो फड ऐकावा.

हो, फड. उसाचा असतो, कुस्तीचा असतो, तमाशाचा असतो. पत्रिकेवर मोठ्या अक्षरात 'कवितेचा फड' छापा, खाली बारीक 'पोएट्री स्लॅम', म्हणजे पोरंही येतील आणि सरही. 'काव्यवाचन' ठेवलंत तरी माझी हरकत नाही. 'काव्यसादरीकरण' ठेवलंत तर मी चहापुरता येईन.

एक मात्र बदला. तुमच्या मसुद्यात 'मान्यवर परीक्षक' आहे, ते काढा. स्लॅममध्ये श्रोत्यांतून कोणालाही उचलतात: कवीची मावशी नसावी एवढीच अट. शून्य ते दहा गुण, दशांशासकट. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडून उरलेल्यांची बेरीज. आणि ही माणसं असतात पाच. पाचांना आपल्याकडे शतकानुशतकं काय म्हणतात? पंच छापा.