पहिली म्युझिक सिस्टीम घेताना

खोली दहा बाय दहाची असेल तर होम थिएटरच्या नादी लागू नकोस. पाच स्वस्त डब्यांपेक्षा दोन चांगले स्पीकर घे. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली पॉवर्ड जोडी मिळाली तर उत्तम, थेट फोन जोडता येतो. जुना अ‍ॅम्प घेणार असशील तर व्हॉल्यूमचं बटण सावकाश फिरवून खरखर येते का ते ऐक.

मांडणीला पैसे पडत नाहीत, आणि फरक सगळ्यात जास्त तिनेच पडतो:

- दोन स्पीकर आणि तू, असा समभुज त्रिकोण.
- ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक, उंच आवाज काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर.
- कोपऱ्यात ढकलू नकोस. बास घुमतो, तबल्याचा बायां गायकावर चढतो.

खोक्यावरच्या पीएमपीओ आकड्याला (वॉटमधली फुगवून सांगितलेली ताकद) भुलू नकोस, महागड्या केबलही नकोत. सबवूफर (फक्त खोल बाससाठीचा स्पीकर), डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी) वगैरे पुढच्या वर्षी बघू. आधी महिनाभर मनसोक्त ऐक.