लहान गावी राहायला जाण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. शहर सोडून लहान गावी जावं का, असं विचारलं आहेस आणि कारणांमध्ये सगळ्यात वर शांतता लिहिली आहेस. मला काळजी वाटते ती नेमकी तिचीच.

शांतता सुरुवातीचे काही आठवडे जाणवते. मग ती अंगवळणी पडते आणि दिवस पुन्हा कामाने, माणसांनी, आजारपणांनी भरतो. 1998 मध्ये डॅनियल काहनेमन आणि डेव्हिड श्केड या संशोधकांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, असं विचारलं. दोन्हीकडची उत्तरं जवळजवळ सारखीच आली. पण दुसऱ्या भागात राहणारा तुमच्यासारखाच कुणी किती समाधानी असेल, असं विचारल्यावर दोन्हीकडच्या मुलांना वाटलं की कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असणार, कारण तिथली हवा छान! लांबून जो फरक डोळ्यांत भरतो, तो रोज तिथे राहणाऱ्याच्या मनात दिवसभरात एकदाही येत नाही.

म्हणून पत्रातल्या तक्रारी पुन्हा वाच. वरिष्ठांचा जाच आणि रोजचा प्रवास, या दोन गोष्टींवर तू सगळ्यात जास्त लिहिलं आहेस. या दोन्ही गोष्टी नोकरी बदलून किंवा कामाच्या जवळ घर घेऊन सुटू शकतात. आधी ते करून बघ. त्यानंतरही जावंसंच वाटलं, तर ती ओढ खरी समज.

आता गावाबद्दल. लहान गावात बऱ्याच गोष्टी एकेकच असतात आणि काही मुळीच नसतात. यात गावाचा दोष नाही. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये याची मांडणी केली. कुठलीही सेवा टिकायची तर तिला किमान काही गिऱ्हाईक लागतं आणि त्या सेवेसाठी माणूस किती लांबून येईल, यालाही मर्यादा असते. रोज लागणाऱ्या वस्तूंचं दुकान थोड्या वस्तीवरही चालतं. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना मोठ्या मुलखातले रुग्ण लागतात, म्हणून ते मोठ्या शहरातच बसतात. तेव्हा गावात काय काय आहे, हे विचारत बसण्यापेक्षा तुला आणि तुझ्या माणसांना काय लागतं ते आधी लिहून काढ आणि त्यातलं प्रत्येक किती अंतरावर आहे ते बघ.

आईला बरोबर नेणार आहेस, म्हणून एक गोष्ट स्पष्टच लिहिते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला, तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. तेव्हा रात्री दोन वाजता स्कॅन होईल असं सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि गाडी कोण काढेल, हे आधी ठरलेलं हवं. ‘जवळच आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नकोस. स्वतः त्या रस्त्याने अंधारात जाऊन ये.

कामाचं थोडक्यात सांगते. तुला घरून काम करायची परवानगी आहे म्हणतेस, ती लेखी आहे का? महासाथ ओसरल्यावर कितीतरी कंपन्यांनी माणसांना पुन्हा कार्यालयात बोलावलं. उद्या तुला बोलावलं, तर त्या गावात राहून दुसरं कोणतं काम मिळेल? निदान एक नाव तरी सुचलं पाहिजे.

इतकं सगळं वाचून मी तुला अडवते आहे असं वाटेल. तसं नाही. मी स्वतः बरीच वर्षं लहान गावात राहिले आहे आणि तिथे जे मिळालं ते मला शहरात मिळालं नसतं. तिथे तुझी गरज असते. शहरात एखाद्या मंडळात तू नाही गेलीस तर दुसरं कुणी येतं. लहान गावात वाचनालयाच्या समितीत पाच माणसं लागतात आणि हाताशी चारच असतात, म्हणून पाचवी तू होतेस, त्यातलं काही येत असो वा नसो. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी 1964 मध्ये मोठ्या आणि लहान शाळांची तुलना करून हेच दाखवलं होतं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण लहान शाळेतली मुलं जास्त जबाबदारीच्या जागांवर होती, कारण मुलं कमी असली तरी नाटकाला पात्रं तेवढीच लागतात. ज्याला आपल्या हाताने काहीतरी उभं राहिलेलं बघायचं आहे, त्याने लहान गावी जरूर जावं. ज्याला फक्त कुणी त्रास देऊ नये असं वाटतं, त्याचा तिथे जीव रमत नाही. लहान गावात लोक दार वाजवतातच.

आणि ते तुला ओळखतात. माझं एक औषध गावात नेहमी नसायचं, मागवावं लागायचं. ते आलं की औषधवाले संध्याकाळी दुकान बंद करून जाताना पुडकं घरी पोचवायचे, पैसे नंतर द्या म्हणायचे. हेच औषधवाले कुणाच्या घरी झोपेच्या गोळ्या जातात आणि कधीपासून जातात, हेही जाणून असत. पहिलं हवं तर दुसरं सोसावं लागतं. तुला तुझ्या मनाच्या आजाराची, मोडलेल्या नात्याची वाच्यता झालेली चालेल का, याचा विचार घरी एकटी बसून कर. मला उत्तर कळवायची गरज नाही.

भांडणाचंही तसंच. शहरात ज्याच्याशी बिनसलं त्याचं तोंड न पाहता आयुष्य काढता येतं. गावात तोच माणूस दुसऱ्या दिवशी रांगेत पुढे उभा असतो आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच बहिणीकडे तुझं काम असतं. गावातली शहाणी माणसं शेवटचा शब्द ओठांवरच ठेवतात. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मैत्रीला मात्र घाई करू नकोस. जेफ्री हॉल या अभ्यासकाने नुकतंच गाव बदललेल्या लोकांची पाहणी केली होती. 2018 मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार जुजबी मैत्री जमायला एकत्र घालवलेले साधारण 50 तास लागतात, जिवाभावाची व्हायला 200 हून अधिक, आणि कामापुरते एकत्र काढलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. आठवड्याला दोन तासांनी हिशेब केलास तर 200 तासांना जवळपास दोन वर्षं होतात. पहिल्या वर्षी संध्याकाळ खायला उठली तर गाव वाईट आहे असं लगेच म्हणू नकोस. ज्यात आठवड्यातून दोनदा तीच माणसं भेटतील असं काहीतरी पहिल्याच महिन्यात धर, गाण्याचा वर्ग म्हण, खेळ म्हण.

जायचं ठरलंच तर परतीचे दोर कापू नकोस. शहरातलं घर विकू नकोस, भाड्याने दे. गावातही निदान वर्षभर भाड्यानेच राहा, म्हणजे सगळे ऋतू बघून होतील. लहान गावात घर घेणं सोपं असतं आणि विकणं कठीण, कारण गिऱ्हाईकच मोजकं. त्याआधी दोनतीन आठवडे राहून ये, पण सुट्टी काढून नको. काम बरोबर ने, आणि गावकरी ज्या ऋतूला नाकं मुरडतात त्याच ऋतूत जा. इंटरनेट किती वेळा जातं, संध्याकाळी सात ते दहा तू काय करतेस आणि कुणाशी बोलतेस, एवढं टिपून ठेव.

एक गोष्ट राहिली. ‘आईला बरोबर नेईन’ असं तू लिहिलं आहेस, पण तिला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. तिच्या मैत्रिणी, तिचा डॉक्टर, तिचा रोजचा फिरण्याचा रस्ता, हे सगळं तिला या वयात सोडावं लागणार. तुला तिथे नवी माणसं मिळतील, तिला मिळणं त्याहून अवघड आहे. आधी तिच्याशी सावकाश बोल, आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

तुझी,
ताई