ग्रीक मातीच्या घोडेस्वाराचा चेहरा पक्ष्यासारखा का असतो? आणि त्याचे पाय कुठे गेले?

तुम्ही म्हणताय ती घोडेस्वाराची मूर्ती बहुधा मध्य ग्रीसमधल्या बोइओशियाची, इ.स.पू. 6व्या शतकातली असावी. तिथे असे घोडेस्वार खूप बनत.

पाय तुटलेले नाहीत; बऱ्याचदा ते केलेलेच नसत. साचा नाही, सगळं काम हाताचं. स्वाराचं धड थेट घोड्याच्या पाठीतूनच वर आलेलं असतं आणि दोन्ही हात आयाळीला चिकटवलेले असतात. चेहऱ्यासाठी ओल्या मातीचा गोळा चिमटीत धरून पुढे ओढायचा, की झालं नाक! म्हणूनच ती चोच वाटते. जवळून बघा, त्या एका चिमटीतच सगळा चेहरा आहे. मला तर हीच जागा सगळ्यात जिवंत वाटते. मग पातळ कालवलेल्या मातीने गडद तपकिरी-काळे पट्टे ओढून मूर्ती भाजायची.

अशा मूर्ती बोइओशियातल्याच रिट्सोना इथल्या थडग्यांत मिळाल्या आहेत. घोडा तेव्हा श्रीमंतांनाच परवडे. अथेन्समध्ये कायदे घडवणाऱ्या सोलोनच्या व्यवस्थेत ‘घोडेस्वार’ हा वर्गच मुळी वर्षाला किमान 300 मापं धान्य, तेल वगैरेचं उत्पन्न असणाऱ्यांचा होता. मातीचा घोडा मात्र कुणालाही मृताच्या सोबतीला ठेवता येई.