बॅकयार्डचं लाकडी कुंपण कललंय. सगळं बदलावं लागेल का?

कंत्राटदार म्हणतो सगळंच बदला, आणि तुम्ही विचारताय की कललेले दोन खांब घरच्या घरी सरळ होतील का. होतील. तुमच्यासारखा मीही टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेलाच राहतो. माझे आणि शेजाऱ्यांचे मिळून पाच खांब आम्ही दोघांनीच बदललेत. पैसे द्यायच्या आधी एक शनिवार काढाच.

फळ्यांकडे बघू नका, दुखणं खांबाच्या बुडाशी असतं. तिथली माती चार बोटं उकरा आणि जमिनीलगत स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून खुपसा. माझा पहिला खांब वरून ठणठणीत दिसत होता, पण टोक मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर काढलं तर ओल्या चहापत्तीसारखा काळा चुरा चिकटून आला. ओल आणि हवा दोन्ही मिळतात ती जागा हीच, म्हणून लाकूड आधी इथेच कुजतं.

टोक आत गेलं नाही तर खांब चांगला आहे, त्याला मातीने ढकललंय. आपल्याकडची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि ऑगस्टमध्ये हात जाईल इतकी भेगाळते. अशा वेळी काँक्रीटच्या गोळ्याभोवती खणा, पट्ट्याने ओढून खांब ओळंब्यात आणा, दोन बाजूंनी तिरके टेकू द्या आणि पोकळीत नवं काँक्रीट भरा.

कुजला असेल तर मात्र तो बदलायचाच. खणण्याआधी निदान दोन कामाचे दिवस ८११ ला, म्हणजे अमेरिकेत खणण्याआधी कळवायच्या नंबरला, फोन करा. गॅसच्या, विजेच्या लाइन कुठून गेल्यात ते फुकटात रंगाने आखून देतात. हाताने खणणार असलात तरी हे टाळू नका.

फळ्या काढत बसू नका. आडव्या पट्ट्या तेवढ्या त्या खांबापासून सोडवा आणि कुंपणाखाली विटा सरकवा, म्हणजे ते लोंबणार नाही. खरा घाम निघतो तो जुना काँक्रीटचा गोळा काढताना. आदल्या रात्री पाणी सोडून माती मऊ करा. आम्ही साखळी गुंडाळून जॅकने तो उचलला, नुसत्या पहारीने हलेना.

सहा फुटी कुंपणाला आठ फुटी खांब घ्या, जमिनीत गाडण्यासाठी प्रक्रिया केलेला. दोन फूट जमिनीत जाईल, त्याखाली चार इंच खडी. दहा इंच रुंद खड्ड्याला लवकर सेट होणाऱ्या काँक्रीटच्या ५० पौंडी दोन-तीन पिशव्या लागतात. खांबाच्या लगतच्या दोन बाजूंना लेव्हल लावून बघा, एकीला लावून भागत नाही. पट्ट्या चार तासांनी जोडा.

आणि काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्या. माझ्या जुन्या खांबांभोवती ते वाटीसारखं खोलगट सोडलं होतं. त्यात पाणी साचायचं, शिवाय स्प्रिंक्लरचा फवारा रोज तिथेच. तोंड फिरवायला दोन मिनिटं लागली असती.

निम्म्याहून जास्त खांब कुजले असतील तर कंत्राटदाराचं ऐका, पण खांब गॅल्व्हनाइज्ड लोखंडी बसवून घ्या. कुंपण सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. बुडाशी उकरून फोटो टाका, कुठला प्रकार आहे ते बघून सांगतो.